घरगुती समुद्र

अकोल्यात कुणाच्या घरी गेलं, तर 'या, बसा' झाल्यावरचा पहिला प्रश्न 'तुमच्याकडचे नळ आले का?' हा असतो. आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, नळच येतात. पाहुण्यांसारखे येतात, वेळ सांगून येत नाहीत, आणि आले की घरातली सगळी माणसं हातातली कामं टाकून त्यांच्या सरबराईला धावतात. महानच्या काटेपूर्णा धरणात आज किती टक्के पाणी आहे, हे आमच्या गल्लीतल्या चौथीच्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. त्याच पोराला सोळाचा पाढा येत नाही, ही गोष्ट वेगळी. अशा गावात, मुंबईच्या समुद्रापासून रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरांहून लांब, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास मुक्कामाला असतो अशा ठिकाणी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी दिवाणखान्यात समुद्र करायचं ठरवलं.

याचं मूळ शाळेच्या सहलीत आहे. चौथीत असताना आम्हांला मुंबई दाखवायला नेलं होतं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय होतं. तिथल्या एका काचेमागे नारिंगी रंगाचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला, बोटाएवढा मासा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि तो माझ्याकडे. गुरुजींनी कान धरून मला पुढच्या काचेसमोर नेलं, पण मन त्या काचेपाशीच राहिलं. पुढे नोकरी, लग्न, मुलं, घराचं कर्ज वगैरे गोड्या पाण्यातल्या गोष्टी होत गेल्या. निवृत्त झालो, मुलं पुण्याला गेली, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा तो मासा पुन्हा वर आला.

मी शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर 'समुद्र : योजना व अंदाजपत्रक' असं लिहिलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढल्यामुळे अंदाजपत्रकाशिवाय मला काही सुचत नाही.

योजना अशी होती. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे पाणी झालं १९० लिटर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पण नळाच्या पाण्यात मीठ टाकलं की समुद्र झाला, असं नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेला क्लोरीन असतो, चुना असतो, नायट्रेट असतं, आणि हे सगळं समुद्री जिवांना बाधतं. तेव्हा आधी पाणी अगदी कोरं करायचं. पहिल्या नळीत गाळ अडतो. दुसऱ्या नळीतला कोळसा क्लोरीन शोषून घेतो. तिसऱ्या नळीत एक गुंडाळलेला पडदा असतो, त्यातून पंपाच्या दाबाने पाणी रेटलं की पाणी पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे राहतात. उरलेसुरले क्षार चौथ्या नळीतले रेझिनचे मणी गिळतात. मग हे कोरं पाणी एका ड्रममध्ये साठवायचं, दुसऱ्या ड्रममध्ये घेऊन त्यात विकतचं समुद्री मीठ घालायचं, आत एक छोटा पंप सोडून चोवीस तास घुसळायचं, आणि मग टाकीत ओतायचं.

हे सगळं मी सौ.ला जेवताना समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी पाण्यातले क्षार काढायचे?"

"हो."

"मग विकतचे क्षार टाकायचे?"

"हो."

"आणि काढलेले?"

"ते मोरीत."

"मग तेच परत टाका ना!"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली की माणसाला काही प्रश्नांची उत्तरं येत असूनही देता येत नाहीत. मी तिला सांगू लागलो की समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं डाळीत टाकायचं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पोटॅशियम असतं, आणि या सगळ्यांचं एकमेकांशी प्रमाण ठरलेलं असतं. ती म्हणाली, "माझ्या मसाल्याचंही ठरलेलं असतं, पण मी त्यासाठी आधी तिखट धुऊन घेत नाही."

पाण्यातले क्षार मोजायचा एक पेनाएवढा मीटर मिळतो. तो मी पहिल्यांदा आणला, कारण सगळ्यांत स्वस्त तोच होता. लहान मुलाच्या हाती हातोडी दिली की त्याला घरभर खिळे दिसतात, तसं मला जिकडेतिकडे पाणी दिसायला लागलं. नळाचं पाणी २६०. कूलरचं ९००. शेजारच्या कुळकर्ण्यांकडच्या माठाचं मी ते आत चहा सांगायला गेले असताना मोजलं. पुढे अमरावतीला टाकीची काच सांगायला गेलो, तेव्हा चुलतभावाच्या घरी पाण्याचा पेला समोर आला आणि माझा हात सवयीने खिशाकडे गेला.

"आता आमच्या घरचं पानी मोजतं का बे?" भाऊ म्हणाला. "अप्पर वर्ध्याचं हाय ते!"

मीटरने १८० दाखवले. आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं, हे मी त्याला सांगायला नको होतं. अमरावतीकरांना आपलं गाव अकोल्यापेक्षा वरचढ वाटतं हे जुनंच आहे. त्यांच्याकडे अंबादेवी आहे, विद्यापीठ आहे, जवळ चिखलदरा आहे. पण आजवर ते आकड्यांत मांडता येत नव्हतं. आता कोणत्याही लग्नात भेटला की भाऊ लांबूनच ओरडतो, "काय म्हनते दोनशे साठ?"

अमरावतीहून येताना काच सांगून आलो, आणि आत्याला घेऊन आलो.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचं सासर दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या अंगाला. दर्यापूर या नावातच दर्या आहे, आणि जमिनीखालीही त्याचाच भाऊबंद आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. साडेचार लाख हेक्टरांहून जास्त. वर काळी, कसदार, कपाशीची जमीन आणि खाली खारं पाणी. गावातले लोक सांगतात की इथे पूर्वी समुद्र होता. भूगर्भशास्त्रवाले सांगतात की पूर्णेचं खोरं हा खचून गाळाने भरलेला भाग आहे. खाली गेलेलं पाणी धड वाहून जात नाही, आणि क्षार तिथल्या तिथे साचत जातात. कारण काही असो, विहिरीला पाणी लागलं म्हणून पेढे वाटायच्या आधी तिथला माणूस ते चाखून बघतो.

वऱ्हाडच्या या खाऱ्या पाण्याने एकदा इतिहासही घडवला आहे. १९३० साली गांधीजी दांडीला निघाले, देशभर लोक समुद्राकडे धावले. वऱ्हाडाने समुद्र कुठून आणायचा? पण अकोला जिल्ह्यात दहीहांडा होतं आणि दहीहांड्याला खाऱ्या विहिरी होत्या. त्या विहिरींच्या पाण्याचं मीठ करून वऱ्हाडी माणसांनी कायदा मोडला. समुद्रावाचून मिठाचा सत्याग्रह करणाऱ्या प्रांतात मिठावाचून समुद्र अडू नये, असा माझा युक्तिवाद होता.

आत्या अकोल्याला आली ती तपासणीसाठी. पायांवर सूज येत होती. तिच्या भागात मूत्रपिंडाच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, आणि "आजी, पाणी चांगलं पीत जा," असं बजावलं.

"पेत जाईन ना," आत्या म्हणाली. "तुमी चिठ्ठीवर लिहून द्या, कोनत्या दुकानात भेटते ते."

डॉक्टर हसले. मी हसलो नाही, कारण मला १९७३ चा मे महिना आठवला.

आदल्या पावसाळ्यात पाऊस झालेला नव्हता. ७२ चा दुष्काळ म्हणून तो अजून ओळखला जातो. मी आठ वर्षांचा होतो आणि सुटीत आत्याकडे निघालो होतो. मूर्तिजापूरहून तेव्हा शकुंतला गाडी जायची, वाफेच्या इंजिनाची, वाटेत उतरून बोरं वेचून पुन्हा चढता येईल अशा चालीने. माझ्या मांडीवर लोणच्याची रिकामी बरणी होती आणि बरणीत अंबागेटच्या आमच्या वाड्याच्या विहिरीतले दोन बारके मासे होते. ते मला आतेभावांना दाखवायचे होते. गाडीच्या हिसक्यांनी बरणीतलं निम्मं पाणी माझ्या चड्डीवर आलं. पोचेपर्यंत मासे आडवे व्हायला लागले होते.

आत्याच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात घडवंचीवर एक पितळी घागर होती. तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. बाकी सगळं पाणी उघड्या रांजणात, आणि एवढ्या एका घागरीला सोवळं. मला वाटलं, हीच चांगली जागा. मी फडकं सोडलं आणि मासे आत सोडून दिले.

ते घरातलं गोडं पाणी होतं. आतोबा बैलगाडीने तीन कोसांवरून आणायचे, एक दिवसाआड. ते फक्त प्यायला आणि डाळ शिजवायला, कारण विहिरीच्या पाण्यात डाळ तासन् तास उकळली तरी शिजत नाही.

संध्याकाळी आत्याने पेला बुडवला आणि पेल्यात मासा आला. मी दाराआड उभा होतो. घरात एकदम शांतता झाली. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी डोळे मिटले. डोळे उघडले, तर आत्या वाटीने मासे हलकेच काढून बरणीत घालत होती. त्यांच्यावर तिने तांब्याभर गोडं पाणी ओतलं. उरलेलं दुहेरी फडक्यातून गाळून उकळायला ठेवलं. म्हणाली एवढंच, "अरे, तुह्या आजानं मले देताना पानी चाखून पाह्यलं नाही, तुह्या मास्यायनं चाखलं."

ते वाक्य मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. आजोबा १९५९ साली स्थळ बघायला गेले होते. त्यांनी मुलगा पाहिला, काळी जमीन पाहिली, बैलजोडी पाहिली, कपाशीच्या गंजीवर हात फिरवला. त्यांना जो चहा मिळाला, तो पाहुण्यांसाठी मुद्दाम लांबून आणलेल्या गोड्या पाण्याचा होता. त्यात फसवाफसवी काही नव्हती. पाहुण्याला खारं पाणी पाजू नये, ही त्या गावाची रीत. पुढे त्या पट्ट्यात मुली द्यायला लोक कुरकुरायला लागले. आमच्या आजोबांच्या वेळी ते शहाणपण अजून पसरलेलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना मला ठसका लागला, आणि घाईत मी माझ्याऐवजी आत्याचा तांब्या तोंडाला लावला. तिच्या तांब्यातलं पाणी खारं होतं. माझ्या तांब्यातलं गोडं होतं.

असो. सांगत होतो समुद्राचं.

आत्या आली त्याच आठवड्यात माझी सामग्रीही आली. मुंबईहून मिठाची बादली आली, दहा किलोची. ती रिक्षातून उतरवताना सगळ्या गल्लीने पाहिली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तर मनाला लावून घेतलं. "साहेब, आपलं उधारीचं खातं तीस वर्षांचं. मीठ मुंबईहून?" मग क्षारता मोजायची दुर्बिणीसारखी नळी आली. तिच्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाने उजेडाकडे बघायचं. आत निळी रेघ १.०२५ वर दिसली की समुद्र झाला. मी गच्चीवर ती डोळ्याला लावून बघत होतो, तर समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. दोन निळे ड्रम आणले. दुकानदार म्हणाला होता की खाण्याच्या वस्तूंचेच आहेत. ते खरंच होतं. एकात कैरीचं लोणचं होतं. सोडा, लिंबू, ऊन असे तीन दिवस उपचार केल्यावरही मुंबईचा समुद्र आमच्याकडे मोहरीच्या फोडणीचा वास घेऊनच येणार, अशी लक्षणं होती.

आणि एका पहाटे नळ आले. प्लंबरने पंप जोडून दिलेला होता. मी बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. एका नळीतून ड्रममध्ये दोऱ्यासारखी बारीक धार पडायला लागली. दुसऱ्या नळीतून मोरीत चांगली करंगळीएवढी.

आत्या पाट घेऊन शेजारी येऊन बसली.

"कोनती चांगली?"

"ही बारीक."

"अन् ती मोठी?"

"ती वाया जाते. एक लिटर चांगलं पाणी मिळायला तीन लिटर सोडून द्यावं लागतं. पडदा धुतला जायला पाहिजे ना, नाहीतर त्याच्यावर क्षार बसतात."

मी वही उघडून तिला हिशेब दाखवला. टाकीला १९० लिटर हवं, म्हणजे मोरीत ५७०. एकूण ७६०. आमची गच्चीवरची टाकी १००० लिटरची. हा हिशेब मी महिन्यापूर्वीच मांडलेला होता आणि बरोबर मांडला होता, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. पण तो कुणाला मोठ्याने वाचून दाखवण्याची वेळ आलेली नव्हती. आत्या काही बोलली नाही. 'हं' म्हणाली आणि दोन्ही धारांकडे बघत राहिली.

दुपारी जेवून मी झोपलो. उठून मोरीकडे गेलो, तर मोरीत जायला वाट नव्हती. घरातलं झाडून सगळं भांडं तिथे भरून ठेवलेलं होतं. बादल्या होत्या, घंगाळं होतं, परात होती, कुकर होता, दिवाळीच्या चिवड्याचा पत्र्याचा डबा होता, आणि मला निरोप समारंभात मिळालेला चांदीच्या मुलाम्याचा करंडकही काठोकाठ भरलेला होता. मधोमध आत्या बसलेली, पदर खोचून, पुढचं भांडं हातात घेऊन.

"येवढं पानी फेकून राह्यला रे बापू," ती म्हणाली. रागाने नाही; कुणाची पडलेली वस्तू उचलून द्यावी, तशी.

माझा हात खिशाकडे गेला. करंडकातलं पाणी मोजलं. मीटरने ३४५ दाखवले. काही महिन्यांपूर्वी आतेभावाकडे गेलो होतो, तेव्हा हौसेने त्यांची विहीरही मोजून आलो होतो. तो आकडा वहीत होता. मागचं पान उलटलं : ३२००. पिण्याच्या पाण्याला सरकारी मानक ५०० सांगतं, आणि दुसरीकडे कुठेच पाणी नसेल तर नाइलाजाने २००० पर्यंत सोडतं. समुद्र झाला ३५०००. म्हणजे आत्याची विहीर समुद्राच्या अकराव्या हिश्श्याइतकी खारट. आणि मी जे टाकाऊ म्हणून मोरीत सोडत होतो, ते तिच्या विहिरीपेक्षा नऊपट गोडं होतं.

मी यंत्राचं बटण बंद केलं. शंभर पानी वहीत पहिल्या पानावरच्या शीर्षकाखाली 'सुधारित' असा शब्द लिहिला. कचेरीत या एका शब्दावर आम्ही पुष्कळ काही निभावून नेत असू.

सुधारित योजना अशी. अमरावतीला सांगितलेली तीन फुटी काच रद्द. टाकी दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट, म्हणजे ५६ लिटर. तिला मीठ सगळं मिळून दोन किलो. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, ते सहा लिटरांच्या आत. (भावाने फोनवर एवढंच विचारलं, "काऊन, दोनशे साठ, समुद्र आटला का?") यंत्राच्या मोठ्या धारेला मोरीऐवजी तिसरा ड्रम, त्यातलं पाणी कूलरला, फरशी पुसायला, धुण्याला. आणि पडद्यानंतर, रेझिनच्या नळीच्या आधी एक तोटी काढायची. तिथे क्षार पुरते शून्य झालेले नसतात, वीसेक उरतात. त्या तोटीचं पाणी आधी आत्याच्या माठात, मग माशांना. ही शेवटची अट सौ.ने घातली आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहिली.

पहिला पेला भरून मी आत्यासमोर धरला. मला वाटलं, साठ-पासष्ट वर्षांचं काहीतरी फिटेल. आत्याने घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"कसं आहे?"

"याले चवच नाही रे. पानी हाय का हवा?"

आणि मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "चिमटीभर मीठ टाकू का थोडंसं?"

सौ.ने त्या दिवसापासून मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली आहे.

तरी पाणी घुसळायच्या कामात आत्याएवढा तयार माणूस मला मिळाला नसता. आधी पाणी आणि मग हळूहळू मीठ, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर चुना खाली बसतो, हे मी सांगायच्या आत तिने मूठमूठ करून मीठ सोडायला सुरुवात केली होती. पुढे टाकी भरली. मी तिला समजावून सांगू लागलो, "आत्या, उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं ना, तेव्हा वरून खारं पाणी घालायचं नाही, कोरंच घालायचं. कारण पाण्याची वाफ होते, पण मीठ..."

"मीठ थ्याच राह्यते," आत्या म्हणाली. "आमच्या इहिरीचं बी तसंच होये. चैतात पानी खाली गेलं का खार वाढे. पाऊस पडला का कमी होये. तू वहीत कायले लिहितं?"

मी वही मिटली.

टाकीत पाणी आणि दगड ठेवून पाच आठवडे नुसतं वाट बघावं लागतं. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, तो खाऊन टाकणारे जिवाणू आधी दगडांवर वस्तीला यावे लागतात, आणि ते आपल्या गतीने येतात. तेवढ्या काळात गल्लीतली माणसं समुद्र बघायला येऊन गेली. काचेत नुसतं पाणी. "मासे कुठे आहेत?" "अजून पाणी मुरतंय." लोणचं मुरतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ड्रमचा वास आठवून मीही आणखी काही सांगत बसलो नाही. किराणावाला मात्र बराच वेळ निरखून बघत राहिला आणि जाताना म्हणाला, "आपल्या दुकानाचं मीठ असतं तर एव्हाना मासे आले असते."

एप्रिलच्या शेवटी मासे आले. दोन. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे. मी काचेला नाक लावून बसलो. पन्नास वर्षांनी गुरुजी नव्हते, कान धरायला कुणी नव्हतं. त्यांतला एक काचेपाशी येऊन माझ्याकडे बघायला लागला. चेहऱ्यावर काही ओळख दिसली नाही, पण मीही आता तसा दिसत नाही.

या माशांना पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर लागतं, आणि बाहेर अकोल्याचा उन्हाळा. घरात एसी एकच, तो आमच्या झोपायच्या खोलीत. टाकी तिकडे नेली. मग आत्याची खाट तिथे आली, कारण तिला उकडत होतं. आणि मे महिन्यात पुण्याहून नातवंडं आली, तीही तिथेच पसरली. दोन बोटभर माशांच्या पायी आमचं सगळं घर एका खोलीत झोपायला लागलं. रात्री टाकीचा निळा दिवा, पंपाची घरघर, आणि खाली ओळीने माणसं. फलाटावर झोपल्यासारखं वाटतं.

एका दुपारी आत्या टाकीसमोर बसली होती. तिच्या पायांची सूज थोडी उतरली होती. मी तिला सांगत होतो की समुद्रातला मासा सारखं पाणी पीत असतो. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून त्याला प्यावंच लागतं, आणि पोटात गेलेलं मीठ तो कल्ल्यांतून बाहेर टाकतो. तशी सोय देवाने त्याला दिली आहे.

"आमाले नाही देल्ली," आत्या म्हणाली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "यायले गोड्या पान्यात टाकलं तं?"

"मरतील."

"बरं," ती म्हणाली. "म्हंजे मी एकलीच नाही."

आणि ती हसायला लागली. मला हसावं की काय करावं ते कळेना. मी नुसताच उठलो आणि तिचा पेला भरून आणला. तिने तो हातात घेतला, वरच्या फळीवरच्या बरणीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, सौ. कुठे दिसते का ते बघितलं.

"आत्या, नाही हं," मी म्हणालो.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, "नळ आले! नळ आले!" मी पेला तिथेच ठेवला, चपला शोधल्या, चष्मा शोधला, मोरीकडे धावलो. तिथे आत्या माझ्या आधी पोचलेली होती, पदर खोचून, हातात माझा करंडक घेऊन.